बंद पडलेली गाइड कंपनी पुन्हा उभी करताना : जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, पाचवी ते दहावी. गाइड कंपनी (स्काउट-गाइड चळवळीतलं मुलींचं पथक) आठ वर्षं बंद होती. लीडर दोन, दोघींचं बेसिक (लीडरचं पहिलं प्रशिक्षण) झालेलं, दोघींच्या कामात मोठा खंड. बैठक दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, ११.४५ ते १.१५. नोंद त्याच दिवशी लिहिलेली. नंतर लक्षात आलेलं ‘पुरवणी’ म्हणून जोडलं आहे.

१५ जून २०२४, शनिवार

कंपनीची जुनी ट्रंक उघडली. आतलं सामान तीन ढिगांत लावलं : चालेल, दुरुस्त होईल, टाकायचं.

काठ्या १४. तीन काठ्यांना भुंगा लागलेला. आपटल्यावर पिठासारखा भुसा पडतो. त्या लगेच बाहेर काढल्या, कारण एका काठीचा भुंगा सगळ्या ढिगाला लागतो. उरलेल्या ११ दोन दिवस उन्हात, मग जवसाचं तेल.

दोर सुती, वरून ठीक दिसतात. दोन हातांत धरून जोरात हिसका दिला की धागे सुटतात. आठ पावसाळे ट्रंकेत काढलेला दोर गाठी शिकवायलाही ठेवायचा नाही. मुली तोच दोर पुढे ओझ्याला वापरतात.

ध्वज घडीवरच विरला आहे. एकाच घडीत वर्षानुवर्षं ठेवला की कापड तिथेच तुटतं. नवा ध्वज (लांबी-रुंदी ३:२) पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवायचा.

प्रथमोपचार पेटीतली कात्री आणि त्रिकोणी पट्ट्या सोडून सगळं मुदतबाह्य. जुन्या रजिस्टरांत मुलींचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, ती ट्रंकेत ठेवायची नाहीत, मुख्याध्यापिकांकडे सोपवली.

१९ जून, बुधवार

जिल्हा संघटकांना भेटलो. सोबत नेलं ते : बेसिकचं प्रमाणपत्र, जुनं नेमणूकपत्र, मुख्याध्यापिकांचं पत्र, ओळखपत्र. परतणाऱ्या लीडरने हे चारही कागद पहिल्याच फेरीत न्यावेत. प्रमाणपत्रावरचं नाव आणि आताचं नाव वेगळं असेल (लग्नानंतर बरेचदा असतंच) तर त्याचाही पुरावा. पुरवणी : एकीचं काम याच कारणाने आठवडाभर अडलं.

नोंदणी आता ओवायएमएस या ऑनलाइन प्रणालीवर होते. कागदी यादी तयार असली तरी मुलीचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे, त्याच क्रमाने भरायचं. पुढे गाइडच्या राज्य पुरस्काराच्या वेळी ‘आईचं नाव मध्ये की शेवटी’ यावरून प्रकरणं परत येतात, आणि तोवर मुलगी नववीत गेलेली असते.

आपल्या वेळी कसं होतं हे आठवून काम करायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. सोपानांच्या (गाइडच्या शिक्षणातल्या टप्प्यांच्या) अटी, गणवेश, नोंदणी यांत बदल झालेत. चालू नियमपुस्तिका घेतली आणि शंका आली की आधी तीच बघायची.

२२ जून, शनिवार

मुली येण्याआधी सुरक्षेचे नियम लिहून काढले. हे काम नंतर करू म्हणून ठेवता येत नाही.

एकही लीडर एकट्या मुलीसोबत बंद खोलीत नाही. दार उघडं, दुसरी मोठी बाई नजरेच्या टप्प्यात. मुलींशी खाजगी चॅट नाही. निरोप फक्त पालकांच्या ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर लिहिण्याची मुभा फक्त लीडरना. फोटोसाठी वेगळी लेखी संमती, प्रवेशअर्जातच गुंडाळलेली नाही. फोटोखाली मुलीचं पूर्ण नाव आणि शाळा एकत्र द्यायचं नाही.

पोक्सो कायदा २०१२, कलम १९ : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली किंवा तशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी शाळेत बोलून बघू’ हा पर्याय कायद्यात नाही, आणि न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. मुलीने काही सांगितलं तर : ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, तिचेच शब्द लिहून तारीख-वेळ टाकायची आणि कळवायचं. चाइल्डलाइन १०९८ आणि पोलीस ११२ हे क्रमांक पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवले. सेफ फ्रॉम हार्म हा ऑनलाइन अभ्यासक्रम दोघींनी जुलैच्या आत संपवायचा.

२९ जून, शनिवार

पालकसभा. उद्या पालख्या शहरात, त्यामुळे ४० मिनिटांत आटोपली. विचारलं गेलं ते तीनच : खर्च किती, सुटायला किती वाजतील, अभ्यासावर परिणाम होईल का. सुटण्याची वेळ फळ्यावर लिहिली आणि मुलीला न्यायला कोण येणार ते नाव अर्जावर घेतलं. ‘स्वतः चालत जाते’ असंही लेखी घेतलं.

अर्जावर ॲलर्जी, दमा, फिट, चालू औषधं. एका आईने अर्जात ‘काही नाही’ लिहिलं आणि निघताना दाराशी दम्याच्या पंपाबद्दल सांगितलं. म्हणून अर्ज घेताना तोंडीही विचारायचं, एकेकीला बाजूला घेऊन.

६ जुलै, शनिवार

पहिली बैठक, २६ मुली. भूक हा पहिला अडथळा : साडेअकराला शाळा सुटते, सव्वाबाराला चेहरे उतरतात. पुढच्या वेळेपासून पहिली १५ मिनिटं खाण्याची. फुटाणे-गूळ, मुलीमागे ४० ग्रॅम, म्हणजे २६ जणींना साधारण एक किलो.

संघ पाडले. एका संघात सहा ते आठ मुली, नावं फुलांची : जाई, कमळ, बकुळ, सूर्यफूल. ‘आपापले संघ करा’ म्हटल्यावर आठवीच्या सगळ्या एका संघात आणि पाचवीच्या चौघी भिंतीला टेकून उभ्या. मोडून पुन्हा केले : प्रत्येकीने चिठ्ठीवर एकाच मैत्रिणीचं नाव लिहायचं, ती जोडी शक्यतो एकत्र, बाकी वयं मिसळलेली. संघात किमान दोघी मोठ्या आणि दोघी पाचवी-सहावीच्या हव्यात, नाहीतर संघनायिकेला शिकवायला कुणी उरत नाही.

घड्याळ लावून मोजलं : बैठकीतली ४१ मिनिटं लीडर बोलत होती. परतलेल्या लीडरचा हा नेहमीचा दोष आहे. सगळं आठवत असतं, मग सगळं आपणच सांगायला जातो. संघ पद्धत म्हणजे लीडरने चार नायिकांना शिकवायचं आणि त्यांनी आपल्या संघाला. हा आकडा आता मधूनमधून नोंदवायचा.

२० जुलै, शनिवार

बैठकीआधी तास काढून फक्त चार संघनायिका आणि चार उपनायिका. गाठी : रीफ, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाईन.

दोर प्रत्येकी ३ मीटर, ८ मिमी जाडीचा, सुती. पहिल्या दिवशी दुकानातून नायलॉन आला होता. त्यावर रीफ गाठ घसरते, मुलीला वाटतं आपलंच चुकलं, आणि ती उगीच आणखी दोन वेढे घालायची सवय लावून घेते. दोराची दोन टोकं दोन रंगांनी रंगवली : ‘लाल निळ्यावरून, मग पुन्हा लालच निळ्यावरून’ असं सांगता येतं. डावं-उजवं सांगितलं तर समोर बसलेलीला उलटं दिसतं. शिकवणारीने शेजारी बसायचं, समोर नाही.

रीफ गाठ फक्त पट्टी बांधायला आणि पुडकं बांधायला. दोन दोर जोडून त्यावर वजन टाकायचं असेल तर ती सुटू शकते, तिथे शीट बेंड. हे कारण सांगितल्याशिवाय गाठ शिकवायची नाही.

शिट्टीचे संकेत याच गटाने बसवले. एक लांब : शांत, लक्ष द्या. भराभर लहान : सगळ्या गोळा व्हा. तीन लहान एक लांब : संघनायिका इकडे. लहान-लांब आलटून पालटून : धोका. शाळेची पीटीची शिट्टी त्याच वेळी वाजत असेल तर गोंधळ होतो. आमची शिट्टी वेगळ्या आवाजाची घेतली.

२७ जुलै, शनिवार

गुरुवारच्या (२५ जुलै) पुरानंतर बैठक रद्द. फोनसाखळीची चाचणी आपोआप झाली : लीडर ते चार नायिकांची घरं, तिथून पुढच्या घरी, शेवटच्या घरून लीडरला उलट फोन. चारही साखळ्या पूर्ण व्हायला २२ मिनिटं. दोन ठिकाणी तुटली, दोन्हीकडे कारण एकच : नंबर वडिलांचा, वडील कामावर. घरात दिवसा असणाऱ्या माणसाचा दुसरा नंबर घेतला. दोन मुलींच्या घरात पाणी शिरलं होतं हेही साखळीनेच कळलं. वह्या-पुस्तकांची यादी त्यांच्याच संघाने केली.

१० ऑगस्ट, शनिवार

दोन मुली शिकवणीच्या वेळेमुळे थांबल्या. कंपनी आता २४, सहा-सहाचे चार संघ.

स्कार्फ. रंग ठरवण्याआधी जिल्हा कार्यालयाला विचारलं, काही रंग राखीव असतात. हिशोब : ८२ सेंमीचा चौकोन तिरका कापला की दोन त्रिकोण मिळतात, शिवणीत एक-एक सेंमी जाऊन बाजू ८० च्या आसपास. १२ चौकोन × ८२ = ९ मीटर ८४ सेंमी. सुती कापड आटतं म्हणून साडेदहा मीटर घेतलं, रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापलं. न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यात कडा गोळा होतात. पन्हा किमान ९० सेंमी हवा.

त्रिकोणाची लांब बाजू तिरप्या धाग्यावर येते आणि शिवताना ताणली जाऊन लाटांसारखी होते. कापल्याबरोबर त्या कडेवर एक साधी टीप घातली, मग दुमड. खर्च : कापड ११० रुपये मीटरप्रमाणे १,१५५, शिलाई नगाला १५, म्हणजे मुलीमागे सुमारे ६३ रुपये. पूर्ण गणवेशाची सक्ती पहिल्या वर्षी नाही. मोठ्या बहिणींचे, शेजारणींचे जुने गणवेश मागवले, नऊ मिळाले.

२४ ऑगस्ट, शनिवार

ध्वज. प्रार्थना ९० सेकंदांत, झेंडागीत ४५ सेकंदांत बसलं पाहिजे. पहिल्या मोजणीला प्रार्थना दोन मिनिटं दहा सेकंद. गाणं संथ होतं कारण सगळ्या एकमेकींची वाट बघतात. सुरुवात करून देणारी एकच ठरवली की सुधारतं.

ध्वज वर जाऊन झटक्यात उघडला पाहिजे. लांबीला दोनदा दुमडायचा, मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूला घट्ट वळकटी, आणि दोरीचा एक वेढा त्याखालून असा ओवायचा की ओढल्यावर सुटेल. उघडत नसेल तर वेढ्यात दोरी दोनदा गेलेली असते. अर्ध्यावरच उघडत असेल तर वळकटी सैल. जमिनीवर पाच वेळा उघडून बघितल्याशिवाय वर चढवायचा नाही.

लीडर बोलली : २९ मिनिटं.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपतीत बैठक नाही. विसर्जनघाटावर मुलींना उभं करावं असा प्रस्ताव आला होता, नाकारला. संध्याकाळची गर्दी, पाण्याचा काठ आणि दहा-बारा वर्षांच्या मुली हे एकत्र नको. त्याऐवजी शाळेजवळच्या सोसायट्यांत सकाळी निर्माल्य वेगळं करणं : फुलं-पानं एका पिंपात, दोरे-प्लास्टिक-थर्माकोल दुसऱ्यात. रबरी हातमोजे हवेत. हारांत टाचण्या आणि तारा असतात.

५ ऑक्टोबर, शनिवार

प्रवेश या पहिल्या टप्प्याची तपासणी. पहिल्या बैठकीला उद्या तीन महिने होतात. त्याआधी दीक्षा (प्रतिज्ञा घेऊन गाइड होण्याचा विधी) द्यायचीच नाही.

गाइडचे नऊ नियम पाठ म्हणायला लावून काही कळत नाही. प्रसंग दिले : ‘बसच्या सीटवर मैत्रीण नाव कोरतेय’, ‘वही अर्धी कोरी आहे आणि नवं वर्ष सुरू झालंय’. मुलीने सांगायचं कुठला नियम लागतो आणि ती काय करील. पाठांतरात अडखळणाऱ्या तिघी इथे सगळ्यांत स्पष्ट बोलल्या.

प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणता येतं. प्रत्येकीला घरी विचारून ठरवायला सांगितलं आणि कुणी काय निवडलं यावर चर्चा करू दिली नाही.

तपासणी संघनायिकांनी घेतली, लीडर मागे बसून. सहा जणींचं राहिलं, त्यांची पुढच्या आठवड्यात नाही तर दसऱ्यानंतर १९ ला सकाळी. पुरवणी : दीक्षाविधी २६ ऑक्टोबरला, २४ पैकी २३ जणींचा. एक तापाने आली नाही. तिचा वेगळा, पण अख्खी कंपनी उभी करूनच करायचा, कार्यालयात उरकायचा नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बुधवारी विधानसभेचं मतदान, वर्गखोल्या केंद्रासाठी लावून घेतलेल्या. बैठक मैदानाच्या कडेला. १६ दिशांचं होकायंत्र खडूने जमिनीवर काढलं. मुलीच दिशा झाल्या आणि नायिकेने ‘ईशान्य!’ म्हटलं की ती बसते. खऱ्या होकायंत्राजवळ लोखंडी गेट होतं, सुई आठ-दहा अंश हलत होती. सगळ्या संघांची उत्तरं एकाच दिशेला चुकली तेव्हा लक्षात आलं.

१४ डिसेंबर, शनिवार : दिवसभराचं शिबिर

२४ मुली, दोन लीडर, दोन मुलींच्या आया. जागा शाळेच्याच मागचं मोकळं मैदान. पहिलं शिबिर मुक्कामाचं ठेवायचं नाही. आधी एक दिवस नीट होऊ द्यावा.

हात धुण्याचं स्टँड : संघामागे दीड मीटरचे तीन बांबू, ५ सेंमी जाडीचे. तिन्ही शेजारी शेजारी आडवे ठेवून वरच्या टोकापासून २० सेंमीवर दोर आठच्या आकड्यासारखा वरखाली विणत सहा वेढे, मग बांबूंच्या मधून दोन आवळवेढे, शेवट क्लोव्ह हिच. सूर्यफूल संघाने पाय आधी फाकवून बांधलं. तसं बांधलं की उचलल्यावर निसटतं. जाई संघाने इतकं आवळलं की पाय फाकलेच नाहीत. बांधताना वेढे बोट जेमतेम आत जाईल इतके सैल. पाय फाकवल्यावर ते आपोआप घट्ट होतात. पाय १० सेंमी खड्ड्यात.

आडवी दांडी बसवायला चौरस बांधणी, प्रत्येक सांध्याला ३ मीटर सुतळी. सुरुवात उभ्या बांबूवर, दांडीच्या खाली : गाठ वरती घेतली तर दांडीचं वजन पेलायला खाली काही नसतं. तीन वेढे एकमेकांशेजारी, एकावर एक नाही. मग दोन बांबूंच्या मधून दोन आवळवेढे. हेच गाळले जातात आणि बांधणी अर्ध्या तासात डुलायला लागते. सुतळी ओली करून बांधली तर वाळल्यावर सैल पडली. पुढच्या वेळी कोरडीच.

दांडीला पाच लिटरचा डबा, झाकणाच्या जरा खाली तापल्या खिळ्याने भोक (हे लीडरने केलं), डब्याच्या तोंडाशी दोरी, दोरीला पायाखालची काठी. भोक मोठं झालं की डबा दहा हातांत रिकामा. ४ मिमीचा खिळा पुरतो.

बिनभांड्याचा स्वयंपाक : काठीवर भाजलेली कणीक, निखाऱ्यातले बटाटे, वांग्याचं भरीत. २८ माणसांना कणीक अडीच किलो, बटाटे ४ किलो, वांगी ३ किलो, सरपण चार चुलींना मिळून १५ किलो. काठी आंब्याची किंवा तुतीची, अंगठ्याएवढी, साल काढलेली. कण्हेर आणि रुई अजिबात नाही, दोन्ही विषारी आहेत. मैदानाच्या कुंपणालाच कण्हेर होती, म्हणून आधी नायिकांना ती दाखवून ओळखायला लावली. कणीक घट्ट मळून करंगळीएवढी वळी करायची. जाड केली की बाहेरून करपते, आतून कच्ची राहते. ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर. म्हणून चूल ३५-४० मिनिटं आधी पेटवायची. कमळ संघाने घाई केली आणि सगळं काळं झालं. त्यांना बकुळने आपल्यातलं दिलं, कुणी न सांगता.

चुलीजवळ ओढणी नाही, सिंथेटिक कपडे नाहीत, केस बांधलेले. प्रत्येक चुलीशी पाण्याची बादली आणि वाळू.

पेटी : रोलर पट्टी ५ सेंमीच्या सहा आणि १० सेंमीच्या चार, त्रिकोणी सहा, गॉझ, हातमोजे, थर्मामीटर, ओआरएसची दहा पाकिटं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. एका मुलीला पेलाभर पाण्यात अख्खं घालून देताना थांबवलं. पाकिटावर मार्करने ‘१ लि.’ लिहिलं. सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं : पॅड मागायला लागू नयेत म्हणून ती पेटीत नाही, स्वच्छतागृहातल्या फळीवर ठेवली. कागद आणि झाकणाचा डबाही तिथेच. तीन वापरली गेली, कुणी विचारायला आलं नाही.

पुरवणी : दिवसभरात शिट्टी लीडरने चारदाच वाजवली, बाकी सगळी नायिकांनी.

११ जानेवारी २०२५, शनिवार

खरी कमाई (मुलींनी स्वतः काम करून कंपनीसाठी पैसे मिळवायचा उपक्रम) : तिळगुळाचे लाडू. तीळ एक किलो, चिकीचा गूळ एक किलो, दाण्याचं कूट पाव किलो. २५ ग्रॅमचे ८७ लाडू झाले. पाक एका आईच्या हाती, मुलींनी फक्त वळले. थेंब गार पाण्यात टाकून गोळी झाली की उतरवायचा. दुसरा घाणा दोन मिनिटं जास्त राहिला आणि लाडू दगडासारखे, ते कुटून वड्या म्हणून घरी वाटले, विकले नाहीत. मिश्रण गरम असतानाच वळावं लागतं, म्हणून तळहाताला तूप आणि घाणा लहान, एकावेळी पाव किलो तिळाचा. हिशोब बकुळच्या उपनायिकेने लिहिला, पावत्यांसह. पैसे कशावर खर्च करायचे ते कोर्ट ऑफ ऑनरने (संघनायिकांच्या निर्णय घेणाऱ्या बैठकीने) ठरवलं : बांबू आणि एक मोठी ताडपत्री.

१ फेब्रुवारी, शनिवार

लीडर बोलली : ११ मिनिटं. चिंतन दिनाचा कार्यक्रम नायिकांनी आखला. लीडरने फक्त दोनच गोष्टी विचारल्या : पाऊण तासात बसतं का, आणि पाचवीच्या मुलींना काय काम.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जागतिक चिंतन दिन. रॉबर्ट आणि ओलेव्ह बेडन-पॉवेल दोघांचाही हा वाढदिवस, १९२६ पासून पाळला जातो. १९३२ पासून या दिवशी नाणं देण्याची प्रथा आहे, ते जगभरच्या गाइडिंगसाठी जातं. मुलींनी नाणी मोजून पाकीट केलं आणि जिल्हा कार्यालयाकडे द्यायला ठेवलं.

गाइडिंगच्या पाच जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ याच शहरात आहे, १६ ऑक्टोबर १९६६ ला सुरू झालेलं. २४ पैकी एकाही मुलीला हे माहीत नव्हतं. जाई संघाने शाळेपासून तिथवरचा रस्ता नकाशावर काढून आणला. भेटीसाठी पत्र लिहायचं, मसुदा त्याच करताहेत.

राहिलेली कामं : दोन नायिका जूनमध्ये दहावीत जातात, त्यांच्या उपनायिकांनी मार्चपासूनच बैठक घ्यायला सुरुवात करायची. एका लीडरचं ॲडव्हान्स (बेसिकपुढचं प्रशिक्षण) मे महिन्यात. तीन काठ्या नव्या घ्यायच्या. ताडपत्री गुंडाळून ठेवायची, घडी घालायची नाही.